प्रो रोड सायकलपटूचं करिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर जुलैत टूर द फ्रान्स सुरू झाली की हे प्रश्न येतातच. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या रस्त्यांवर पुणे ग्रँड टूर झाली, तेव्हापासून त्यात पालकांचेही प्रश्न वाढलेत. खाली सोप्यापासून किचकटापर्यंत अशा क्रमाने उत्तरं आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. प्रो म्हणजे नक्की कोण? शर्यतीत रोख बक्षीस मिळालं की माणूस प्रो होतो का?

नाही. प्रो ठरतो तो करारावरून. हा करार यूसीआयकडे नोंदलेल्या संघाशी झालेला असावा लागतो. यूसीआय ही सायकलिंगची जागतिक संघटना, तिचं कार्यालय स्वित्झर्लंडमधल्या एग्ल या गावी. पुरुषांच्या रोड सायकलिंगमध्ये संघांच्या तीन पायऱ्या आहेत. सर्वांत वर वर्ल्डटीम. त्यांचे परवाने फक्त १८, आणि ते तीन वर्षांच्या गुणांवर मिळतात. त्याखाली प्रोटीम, आणि सर्वांत खाली कॉन्टिनेंटल. कॉन्टिनेंटल संघात १० ते १६ रायडर असतात आणि त्यांतल्या कित्येकांना पगार नसतोच. सायकल, कपडे, प्रवास आणि जेवण मिळालं तरी ते खूश असतात. त्यामुळे काटेकोर अर्थाने वरच्या दोन पायऱ्यांवरचे रायडरच प्रो. ‘मी कॉन्टिनेंटल प्रो आहे’ असं कुणी म्हणालं, तर पगार किती असा प्रश्न विचारायला हरकत नाही.

२. जिंकतो एकच. मग संघातले बाकीचे करतात काय?

पगार मिळतो तो बहुतेक याच कामाचा, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. ग्रँड टूरमध्ये, म्हणजे इटलीतली जिरो, फ्रान्समधली टूर आणि स्पेनमधली व्हुएल्टा या तीन आठवड्यांच्या शर्यतींत, संघाचे ८ रायडर उतरतात (२०१७ पर्यंत ९ असत). त्यांतला एक किंवा दोघे नेते, बाकीचे मदतनीस. फ्रेंचमध्ये त्यांना ‘दोमेस्तिक’ म्हणतात, इटालियनमध्ये ‘ग्रेगारियो’.

सगळा खेळ वाऱ्याचा आहे. पुढच्याच्या मागे चिकटून चालवलं की सपाटीवर सुमारे तीस टक्के ताकद वाचते, मोठ्या घोळक्याच्या पोटात त्याहूनही जास्त. नेत्याने शेवटच्या घाटापर्यंत नाकावर वारा घ्यायचाच नाही, यासाठी बाकीचे सात जण पाच तास राबतात.

एक साधं काम बघा: पाणी आणणं. मदतनीस घोळक्यातून मागे सरकत संघाच्या गाडीपर्यंत येतो. खिडकीतून एकेक बाटली मिळते. दोन सायकलच्या पिंजऱ्यांत, तीन पाठीच्या खिशांत, उरलेल्या जर्सीच्या मागे मानेतून आत सरकवायच्या. आठ बाटल्या म्हणजे चार किलोच्या वर ओझं. ते घेऊन ताशी ४५ किमीने चाललेल्या घोळक्याच्या शेपटीपासून डोक्यापर्यंत जायचं, प्रत्येकाला बाटली द्यायची आणि पुन्हा पुढे जाऊन वारा अडवायचा. उन्हाळ्यात एका टप्प्यात हे चार-पाच वेळा होतं. टीव्हीवर यातलं काही दिसत नाही, कारण कॅमेरा पुढे पळालेल्यांवर असतो.

यातही प्रकार आहेत. सपाटीवर तासन् तास घोळका ओढणारे धिप्पाड रायडर, शेवटच्या दोन किलोमीटरांत स्प्रिंटरला वाट करून देणारे लीडआउट रायडर, आणि घाटात नेत्यासोबत टिकणारे शेवटचे दोघे. घाटातल्या चांगल्या मदतनिसाला लहान संघाच्या नेत्यापेक्षा जास्त पगार मिळू शकतो.

३. माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. आणि मी स्वतः २७ चा. कुणाला उशीर झालाय?

मुलाला अजिबात नाही. तुम्हाला जवळजवळ नक्की झालाय.

वयोगट जन्मवर्षावरून ठरतात, वाढदिवसावरून नाही. ज्या वर्षी १७ किंवा १८ पूर्ण होतात ती दोन वर्षं ज्युनियर, १९ ते २२ अंडर-२३, त्यानंतर एलिट. युरोपातले मोठे संघ हल्ली ज्युनियर गटातूनच मुलं उचलतात. स्लोव्हेनियाच्या तादेइ पोगाचारने २०२० ची टूर बाविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी जिंकली, आणि तेव्हापासून संघांची नजर आणखी कोवळ्या वयाकडे वळली. आमच्या मते हे चांगलं झालेलं नाही. १८ व्या वर्षी निवडला न गेलेला मुलगा २१ व्या वर्षी फुलू शकतो, पण तोवर त्याला कुणी थारा देत नाही.

उशिरा आलेले रायडर आहेत, पण कुठून आले तेही बघा. स्लोव्हेनियाचाच प्रिमोझ रोग्लिच आधी स्की-जंपर होता, २३ व्या वर्षी कॉन्टिनेंटल संघात आला. कॅनडाचा मायकल वुड्स धावपटू होता. ऑस्ट्रेलियाचा जे व्हाइन झ्विफ्टच्या (घरबसल्या ऑनलाइन सायकलिंगचं अॅप) निवड स्पर्धेतून २०२१ मध्ये प्रो झाला, तेव्हा २५ वर्षांचा होता. सगळे आधीच वरच्या दर्जाचे खेळाडू होते. ऑफिस सांभाळून वीकेंडला लोणावळ्यापर्यंत जाऊन येणं ही त्याची पूर्वतयारी होत नाही.

१४ वर्षांच्या मुलासाठी: आठवड्याला सहा ते आठ तास पुरेत. त्यातला बराच वेळ घोळक्यात चालवणं, वळणं घेणं, एका हाताने बाटली काढणं असल्या कसबांवर जाऊ द्या. पॉवर मीटर (पायांची ताकद वॅटमध्ये मोजणारं यंत्र) घेण्याची घाई नको.

४. महाराष्ट्रातून तिथवर जायची वाट नेमकी कशी आहे?

सरधोपट वाट नाही. पायऱ्या मात्र सांगता येतात.

पहिली पायरी परवान्याची. राज्य संघटनेमार्फत भारतीय सायकलिंग महासंघाचा परवाना काढा. त्यावर अकरा आकडी यूसीआय क्रमांक येतो आणि तो आयुष्यभर तोच राहतो. परवाना १ जानेवारी ते ३१ डिसेंबर चालतो. एप्रिलमध्ये काढला तरी डिसेंबरातच संपतो, म्हणून जानेवारीतच काढावा.

दुसरी, राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा. रोडबरोबर ट्रॅकही करा, कारण भारतात शिबिरं आणि प्रशिक्षक यांचा भर ट्रॅकवर आहे आणि ट्रॅकमुळे गोल, जलद पेडलिंग अंगात बसतं.

तिसरी, आशियातल्या शर्यती. पुणे ग्रँड टूर ही यूसीआयच्या २.२ वर्गातली पाच दिवसांची शर्यत, एकूण सुमारे ४३७ किमी. यातला पहिला २ म्हणजे अनेक टप्प्यांची शर्यत, दुसरा २ म्हणजे तिची श्रेणी. या श्रेणीत वर्ल्डटीम येत नाहीत, कॉन्टिनेंटल आणि राष्ट्रीय संघ येतात. इथे एकूण विजेत्याला ४० यूसीआय गुण मिळतात, टूर द फ्रान्सच्या विजेत्याला १३००. मलेशियातली लांगकावी ही त्याहून वरची शर्यत, आणि आशियाई कॉन्टिनेंटल संघांचे व्यवस्थापक तिथे हजर असतात.

चौथी पायरी बेल्जियम, आणि बहुतेक जण इथे ठेचकाळतात. फ्लँडर्समध्ये हंगामात जवळजवळ रोज कुठल्या ना कुठल्या गावात ‘केर्मिस’ शर्यत असते. गावातल्या कॅफेत परवाना आणि आपल्या महासंघाचं परवानगीपत्र दाखवायचं, काही युरो भरायचे, नंबर घ्यायचा. सात-आठ किमीच्या फेऱ्या, एकूण ११०-१२० किमी. भारतातले राष्ट्रीय पदकविजेतेही पहिल्या अर्ध्या तासात मागे पडतात. ताकद कमी पडते म्हणून नाही. अरुंद रस्त्यावर दर वळणाला घोळका ब्रेक मारतो आणि बाहेर पडताना स्प्रिंट करतो. तुम्ही पन्नासाव्या जागी असाल, तर पुढचे ताशी ३५ किमीने वळतात, तुम्ही २० वर येता आणि मग पुन्हा ताशी ५० गाठायला जीव काढता. फेरीला दहा वळणं धरली तरी शर्यतभरात दीडशे स्प्रिंट होतात. त्यात बाजूचा वारा आला की रस्त्यावर तिरकी रांग लागते. त्या रांगेत जागा मिळाली नाही, तर रस्त्याच्या कडेला एकट्याने वारा खात मरायचं. हे घरातल्या ट्रेनरवर (एका जागी सायकल चालवायचं यंत्र) शिकता येत नाही.

व्हिसाचं गणित आधी करा. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. जुळवून घ्यायलाच सहा आठवडे जातात, त्यामुळे ते ९० दिवस तुकड्यांत वापरू नका.

याशिवाय एक दार आहे. एग्लमध्येच यूसीआयचं वर्ल्ड सायकलिंग सेंटर आहे, जिथे सायकलिंगची व्यवस्था तोकडी असलेल्या देशांतल्या मुलांना घेतात. एरिट्रियाचा बिनियाम गिरमाय तिथूनच पुढे आला आणि २०२४ च्या टूरमध्ये तीन टप्पे जिंकून हिरवी जर्सी (गुणांच्या स्पर्धेतल्या पहिल्याची) घेऊन गेला. तिथे अर्ज आपल्या राष्ट्रीय महासंघामार्फत जातो.

५. मी सुपर रँडोनियर आहे, ६०० ची बीआरएम ३४ तासांत केली. हे उपयोगी पडेल का?

चिकाटी म्हणून पडेल, पात्रता म्हणून नाही. बीआरएम म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड; तिचे २०० ते ६०० किमीचे चार पल्ले एका वर्षात केले की सुपर रँडोनियर. ही शर्यतच नाही. २०० किमीला साडेतेरा तास मिळतात, वेळेत आलेल्या सगळ्यांचा मान सारखा. रोड शर्यतीत २०० किमी साडेचार-पाच तासांत जातात, आणि निकाल लागतो शेवटच्या वीस मिनिटांत. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली. तो पराक्रम थोर आहे, पण तो अल्ट्रासायकलिंगचा. त्यातली झोप मारण्याची ताकद रोड शर्यतीत लागत नाही आणि रोड शर्यतीतला स्फोट तिथे लागत नाही.

६. माझा एफटीपी ४.२ वॅट प्रति किलो आहे. प्रो किती असतो?

एफटीपी म्हणजे साधारण तासभर टिकवता येणारी ताकद, वॅटमध्ये. क्लबच्या राइडमध्ये ४.२ ला तुमच्यामागे फारसं कुणी टिकणार नाही. मोठ्या शर्यतींच्या शेवटच्या घाटात आघाडीचे रायडर अर्धा तास ६ वॅट प्रति किलोच्या आसपास किंवा वर काढतात. ६२ किलोच्या रायडरसाठी ते ३७२ वॅट झाले. पण ताज्या पायांवरचा आकडा आता कुणी विचारत नाही. चार तास घासल्यानंतर, तीनेक हजार किलोज्यूल खर्च झाल्यावर वीस मिनिटांचा आकडा किती पडतो ते संघ बघतात. ताजेपणी ५.८ काढणारे पुष्कळ, थकल्यावर ५.६ काढणारे थोडे.

घरी तपासायचं तर असं करा: साडेतीन तास मध्यम जोराने चालवून मग सिंहगडासारखा सलग चढ पूर्ण जोराने घ्या. दुसऱ्या आठवड्यात तोच चढ ताज्या पायांनी घ्या. फरक दहा टक्क्यांहून जास्त आला, तर इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत मारायचे छोटे जोरदार तुकडे) वाढवू नका, लांब राइड आणि खाणं (प्रश्न ९) सुधारा. आणि वजन काट्यावर करा, अंदाजाने नको. तीन किलोची थाप मारली की ४.० चे ४.२ होतात.

७. पगार किती मिळतो?

किमान वेतन यूसीआय आणि रायडर-संघ संघटनांच्या करारात ठरतं. २०२२ मध्ये वर्ल्डटीमच्या नोकरदार रायडरला वर्षाला किमान ४०,०४५ युरो होते, प्रोटीममध्ये ३२,१०२. तोच रायडर स्वयंरोजगारी म्हणून करारबद्ध असेल, तर वर्ल्डटीममध्ये किमान ६५,६७३. हा आकडा मोठा दिसतो, पण विमा, निवृत्तिवेतन, कर सगळं त्याचं त्याने भरायचं असतं. नंतर हे आकडे वाढत गेले आहेत. पहिल्यांदा प्रो होणाऱ्यांचं किमान वेतन यापेक्षा कमी असतं. वरच्या टोकाला काही रायडरना वर्षाला लाखो युरो मिळतात, पण ते मूठभर. कॉन्टिनेंटल पायरीला यूसीआयने किमान वेतन ठेवलेलंच नाही.

एक इशारा. ‘अमुक युरो भरा, संघात जागा देतो’ असं सांगणारे मध्यस्थ भेटतात. नोंदलेल्या संघांची यादी यूसीआयच्या संकेतस्थळावर असते. तिथे संघाचं नाव नसेल तर पैसे द्यायचा प्रश्नच नाही. नाव असेल, तरी पैसे मागणाऱ्या संघात करिअर होत नाही.

८. टूर जिंकल्यावर पाच लाख युरो मिळतात. ते सगळे विजेत्याचे का?

कागदोपत्री हो, प्रत्यक्षात नाही. एकूण विजेत्याला ५,००,००० युरो, एक टप्पा जिंकला तर ११,०००. पण संघाची सगळी बक्षिसं एकत्र करून रायडर आणि मेकॅनिक, मालिशवाले असे कर्मचारी यांच्यात वाटायची जुनी रीत आहे, आणि विजेता बहुधा आपला वाटा सोडतो. त्याची भरपाई पुढच्या करारात होते. मदतनिसांना मात्र हा वाटा दिवाळीच्या बोनससारखाच.

९. खातात काय? आणि वजन कसं राखतात?

डोंगरातल्या टप्प्याच्या दिवशी एकूण खर्च सहा हजार कॅलरींच्या वर जातो. सकाळी शर्यतीच्या तीन तास आधी भात आणि ऑम्लेट. होय, न्याहारीला भात. पेलोटॉनमध्ये (शर्यतीतल्या मुख्य घोळक्यात) यात कुणाला नवल वाटत नाही.

सायकलवर तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदकं घेतात. आतडं एकटं ग्लुकोज तासाला ६० ग्रॅमच्या आसपासच शोषतं. त्यापुढे फ्रुक्टोज लागतं, कारण ते वेगळ्या वाटेने शोषलं जातं. म्हणून जेल आणि पेयांत दोन्ही असतात, साधारण १ ला ०.८ या प्रमाणात. सवय नसताना थेट ९० वर गेलात तर पोट फुगतं, मळमळतं, शौचाला पळावं लागतं. ५० पासून सुरू करून सहा-आठ आठवड्यांत वाढवा. दुसरी नेहमीची चूक म्हणजे दाट पेय घेऊन वर जेल घेणं आणि साधं पाणी न पिणं.

संघांचे आचारी खिशासाठी भाताच्या वड्या करतात. घरी करायच्या तर इंद्रायणी उत्तम, कारण तो चिकट. बासमती सुटा पडतो, तो नको. ५०० ग्रॅम तांदूळ न धुता (स्टार्च हवाच) लिटरभर पाण्यात मऊ शिजवा. गरम असतानाच ७० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ आणि २०० ग्रॅम क्रीम चीज मिसळा. ताटात दोन बोटं जाड थापा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, २० तुकडे करून फॉइलमध्ये गुंडाळा. एका तुकड्यात २२-२३ ग्रॅम कर्बोदकं येतात. नारळ घालायचा मोह होतो, पण उन्हात तो आंबतो. या वड्याही आपल्या उन्हात तीन तासांच्या आत संपवा.

वजनाबद्दल: उपाशी राहून हलकं होणाऱ्यांचं पुढे वाटोळं होतं. रोड सायकलपटूंची हाडं आधीच ठिसूळतेकडे झुकलेली असतात, कारण सायकलिंगमध्ये हाडांवर आदळआपट नसते. त्यात खाणं कमी पडलं की संप्रेरकं ढासळतात. मुलींची पाळी बंद होते, मुलांमध्ये सकाळचा उत्साह आणि कामेच्छा जाते, साध्या पडण्यात हाड मोडतं. पाळी तीन महिने चुकली, तर ती ‘चांगल्या ट्रेनिंगची खूण’ नव्हे. डॉक्टरकडे जा.

१०. पाच-सहा तासांच्या शर्यतीत लघवीला कसं जातात?

शर्यत शांत असताना, बहुधा सुरुवातीची आघाडी पुढे गेल्यावर, नेता थांबतो आणि त्याच्याबरोबर निम्मा घोळका रस्त्याच्या कडेला उभा राहतो. अशा वेळी हल्ला करायचा नाही असा अलिखित नियम आहे. काही जण उतारावर चालत्या सायकलवरून उरकतात आणि मागून एक सहकारी पाठीला हात देऊन ढकलत राहतो. गावात लोकांसमोर केलं तर दंड होतो.

११. सायकल संघ देतो का? आणि आम्ही सुरुवातीला कुठली घ्यावी?

देतो, पण ती त्याची नसते. शर्यतीच्या सायकली, टाइम ट्रायलची (घड्याळाविरुद्ध एकेकट्याने चालवायची शर्यत) वेगळी आणि घरी सरावाला एक, सगळं करार संपल्यावर परत. सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही, म्हणून वजनाच्या वेडाला तिथे अर्थ उरलेला नाही. पंक्चर झालं तर हल्ली बहुधा चाक न बदलता सायकलच बदलतात, कारण डिस्क ब्रेकच्या चाकाचा अॅक्सल सोडवण्यात वेळ जातो. अख्ख्या संघाचे पेडल एकाच जातीचे असतात, त्यामुळे वेळ पडली तर मदतनीस आपली सायकल नेत्याला देऊ शकतो.

संघाच्या सायकलची बाजारातली किंमत दहा लाखांच्या पुढे जाते. तुम्हाला तिची गरज नाही. अंगाला बरोबर बसणारी अॅल्युमिनियमची सायकल घ्या आणि उरलेले पैसे टायर आणि नीट फिटिंगवर घाला. टायरमध्ये ११० पीएसआय भरायची सवय सोडा. ६५ किलोच्या रायडरला २८ मिमी ट्यूबलेसमध्ये ६५-७० पुरतात. जास्त हवेने चाक खडबडीत डांबरावर उड्या मारतं, वेग कमी होतो आणि ओल्या वळणावर घसरतं.

१२. पडलं तर? वेळेत पोचलं नाही तर?

सपाट टप्प्यात शेवटच्या ३ किमीत पडलात किंवा पंक्चर झालं, तर त्या क्षणी ज्या गटात होतात त्याची वेळ मिळते. काही टप्प्यांना आयोजक ही हद्द ५ किमीपर्यंत वाढवून घेतात. घाटमाथ्यावर संपणाऱ्या टप्प्यात आणि टाइम ट्रायलमध्ये हा नियम लागू नाही.

वेळेची मर्यादा विजेत्याच्या वेळेवर ठरावीक टक्के धरून काढतात. टक्केवारी टप्प्याचा अवघडपणा आणि सरासरी वेग यांवर ठरते. विजेता ५ तासांत आला आणि मर्यादा १५ टक्के असेल, तर ४५ मिनिटांच्या आत पोचायला हवं, नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी. म्हणून स्प्रिंटर डोंगरात एकत्र गट करून, गणित करत चढतात. त्या गटाला ‘ग्रुपेत्तो’ म्हणतात. गाडीला धरून चढणं चालत नाही. २०१५ च्या व्हुएल्टात विन्चेन्झो निबालीसारख्या टूर विजेत्यालाही त्यासाठी घरी पाठवलं होतं.

सर्वांत जास्त मोडतं ते कॉलरबोन. प्लेट बसवून आठवड्याभरात ट्रेनरवर बसणारे आहेत. डोक्याला मार लागल्यास मात्र घाई नको. दिवस, ठिकाण, शर्यतीचं नाव सांगता येत नसेल तर शर्यत तिथेच संपली. हेल्मेट २००३ पासून सक्तीचं आहे, त्या वर्षी पॅरिस-नीसमध्ये आंद्रेइ किविलेव्हचा मृत्यू झाल्यानंतर. भारतातून स्वतःच्या खर्चाने जाणाऱ्यांनी विम्याच्या कागदावरच्या वगळणुका वाचाव्यात. बऱ्याच साध्या पॉलिसींत शर्यतीतली दुखापत धरत नाहीत.

१३. डोपिंग चाचणीचं काय? साधं औषध घेतलं तरी अडकतो का?

अडकतो. आणि आपल्याकडे लोक स्टेरॉइडपेक्षा सवयींमुळे जास्त अडकू शकतात.

सलाईन ही पहिली. अशक्तपणा आला की गावातल्या दवाखान्यात बाटली लावून घ्यायची आपल्याकडे रीत आहे. १२ तासांत १०० मिलीपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणं प्रतिबंधित आहे, मग आत नुसतं मीठपाणी का असेना. रुग्णालयात उपचार चालू असतील तर सूट आहे, ‘ताकदीसाठी’ नाही. सायकलिंगमध्ये तर २०११ पासून थकवा घालवायला कुठलीच सुई टोचून घेता येत नाही, बी-१२ चीसुद्धा.

दुसरं, सर्दीच्या गोळ्या. काहींत स्यूडोएफेड्रिन असतं, शर्यतीच्या काळात त्याला लघवीत मर्यादा आहे. तिसरं, ट्रामाडॉल हे वेदनाशामक. सायकलिंगमध्ये २०१९ पासून आणि सगळ्या खेळांत २०२४ पासून शर्यतीत बंद. चौथं, ओळखीच्या वैद्यांनी दिलेलं लेबल नसलेलं चूर्ण. त्यात काय आहे हे तुम्हाला सांगता येत नसेल, तर चाचणीत सापडलेल्या गोष्टीची जबाबदारी तरीही तुमचीच. दम्याच्या सॅल्ब्युटामॉल पंपाला २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही ८ तासांत ६०० ही मर्यादा आहे. त्याहून जास्त लागत असेल, तर आधी वैद्यकीय सूट घ्या.

नोंदणीकृत चाचणी गटात नाव आलं की रोज सकाळी ५ ते रात्री ११ मधला एक तास आणि पत्ता आधी कळवावा लागतो. त्या तासात सापडला नाहीत किंवा माहिती चुकली, असं १२ महिन्यांत तीनदा झालं की डोप न घेताही बंदी. शहाणे रायडर सकाळी ६ चा तास देतात, कारण तेव्हा माणूस अंथरुणातच सापडतो. लग्नाला गावी गेलात तर आधी पत्ता बदला. नमुन्याला किमान ९० मिली लघवी लागते. घाबरून भसाभसा पाणी प्यायलात तर ती फार पातळ होते आणि पुन्हा द्यावी लागते.

१४. मुलींना यात करिअर आहे का?

दहा वर्षांपूर्वी याचं उत्तर प्रामाणिकपणे ‘नाही’ असं होतं. महिला वर्ल्डटीममधलं किमान वेतन २०२० मध्ये १५,००० युरो होतं, २०२३ मध्ये ३२,१०२ झालं. म्हणजे पुरुषांच्या प्रोटीमची बरोबरी. बाळंतपणाची रजाही करारात आली: तीन महिने पूर्ण पगार, पुढचे पाच महिने अर्धा. टूर द फ्रान्स फाम २०२२ पासून दरवर्षी होते. ब्रिटनची लिझी डेइग्नन हिने आई झाल्यावर परत येऊन २०२१ ची पहिली महिला पॅरिस-रुबे जिंकली. आमचं मत असं, की भारतीय मुलीला आज मुलापेक्षा दार थोडं जास्त उघडं आहे, कारण महिलांच्या घोळक्यात अजून उशिरा येणाऱ्यांना जागा मिळते. वाट तीच, प्रश्न ४ मधली.

१५. करारात काय बघावं? संघ मध्येच बुडाला तर?

२५ व्या वर्षापर्यंत पहिल्यांदा वरच्या दोन पायऱ्यांवर येणाऱ्याला ‘निओ-प्रो’ म्हणतात आणि त्याचा करार किमान दोन वर्षांचा असावा लागतो. एकच वर्ष देत असतील तर का, हे विचारा. १ ऑगस्टपासून वर्षअखेरपर्यंत संघ काही मुलांना ‘स्टाजियर’ म्हणून, म्हणजे उमेदवार म्हणून, आजमावतात. हा करार नव्हे, पण संघाच्या गाडीचा दरवाजा उघडतो तो बहुधा इथेच. पुढच्या वर्षी कोण कुठल्या संघात जाणार याची घोषणाही १ ऑगस्टपासून होते.

संघ प्रायोजकाच्या पैशावर चालतात. तिकीट नाही, मैदान नाही, टीव्हीच्या पैशातला वाटा नाही. प्रायोजक गेला की संघ गेला. फ्रान्समधला अर्केआ संघ २०२५ अखेरीस असाच बंद झाला. पगार थकला तर वरच्या दोन पायऱ्यांच्या संघांनी यूसीआयकडे ठेवलेली बँक हमी कामाला येते, पण थकबाकीचा दावा लेखी आणि मुदतीत करावा लागतो. पगाराच्या पावत्या जपून ठेवा.

१६. नाहीच जमलं तर मुलाचं पुढे काय?

शिक्षण सोडू नका. दहावी-बारावीच्या वर्षी सराव दिवसाला दीड तासावर आणला तरी दम पूर्ण जात नाही, सहा-आठ आठवड्यांत परत येतो. राष्ट्रीय पदक असेल तर रेल्वे, सेनादल, पोलीस यांत खेळाडू म्हणून भरती होते, आणि महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी लागते. ती जाहिरात आल्यावर नको, पदक मिळाल्या वर्षीच करून ठेवा. कुठल्या संघटनेची कुठली स्पर्धा पात्र धरतात हेही शर्यतीला नाव देण्याआधी विचारा. बक्षीस मोठं असलेली खाजगी शर्यत इथे शून्य मोजतात.

१७. निवृत्ती कधी? आणि परत यायचं ठरवलं तर?

बहुतेकांचं करिअर तिशीच्या मध्यावर संपतं. अलेहान्द्रो व्हाल्वेर्दे ४२ व्या वर्षी थांबला, तर मार्सेल किटेलसारखा स्प्रिंटर ३१ व्या वर्षी कंटाळून गेला. बऱ्याच जणांना निवड करायला मिळत नाही, फोन यायचाच बंद होतो. मोठ्या संघातून सुटलेला रायडर कॉन्टिनेंटलमध्ये खाली येऊ शकतो, त्याला कसली अडचण नाही.

परतीची अडचण वेगळी आहे. प्रश्न १३ मधल्या चाचणी गटात असताना लेखी निवृत्ती कळवली की रोजचा तास देणं थांबतं, पण पुन्हा शर्यतीला उतरायचं तर सहा महिने आधी लेखी कळवून त्या काळात चाचण्यांना हजर राहावं लागतं. डिसेंबरात वैतागून ईमेल पाठवला आणि फेब्रुवारीत नवा करार आला, तरी ऑगस्टपर्यंत नंबर लावता येत नाही. तोवर हंगाम संपत आलेला असतो. म्हणून निवृत्तीचा ईमेल लिहिलात तरी जानेवारी उलटेपर्यंत पाठवू नका, आणि तोवर तो सकाळचा ६ चा तास भरत राहा.